सेंटओएस ७ च्या सर्व्हरवर नवा पायथन कसा आणावा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तुम्ही कामाला आहात. ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्सची आवृत्ती आहे आणि त्याच्यावर मालकांचं जुनं बिलिंग चालतं. ऑर्डर आणि सुताच्या साठ्याची नोंद ठेवणारं ॲप तुम्ही जँगो ५.२ मध्ये, म्हणजे पायथन भाषेत वेब ॲप लिहायच्या चौकटीत, लिहिलंय. त्याला पायथन ३.१० किंवा पुढचा लागतो, आणि सर्व्हरवर २.७ आणि ३.६ एवढेच आहेत. 'यम', म्हणजे सेंटओएसचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम, नवीन काही देईना, म्हणून व्हिडिओ बघून तुम्ही ३.११ चा सोर्स उतरवलात आणि 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' करून तो सर्व्हरवरच बांधलात (कंपाइल केलात). पायथन सुरू होतो, पण पिप (पायथनच्या लायब्ररी बसवणारं हत्यार) म्हणतं की एसएसएल (इंटरनेटवर सुरक्षित जोडणीचं) मॉड्यूल उपलब्ध नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "यूएसआर-बिनमधली पायथनची लिंक नव्याकडे वळवली तर सगळं जुळेल का?"

नाही जुळणार, आणि ती लिंक कृपा करून वळवू नका. (यूएसआर-बिन म्हणजे यंत्रणेचे प्रोग्राम असतात ते फोल्डर, आणि लिंक म्हणजे एखादं नाव कुठल्या प्रोग्रामकडे जातं ते सांगणारी खूण.) बाकीचं उत्तर निवांत वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आजच पाळा.

(कमांड मी तोंडी सांगाव्यात तशा देवनागरीत लिहितेय. टाइप करताना त्या नेहमीच्या लिपीत टाका.)

तुम्ही प्रश्न 'नवा पायथन कसा बसवू' असा विचारलाय. माझ्या मते त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. पहिला, सर्व्हरवरचा पायथन नक्की कोणाचा? दुसरा, पायथन नवा आणला तरी त्याच्या खालचं सगळं जुनंच राहिलं तर तो उभा कशावर राहणार? एसएसएलची अडचण दुसऱ्या प्रश्नातून आलीय, आणि लिंक वळवायचा मोह पहिला प्रश्न न विचारल्यामुळे होतो.

पहिला प्रश्न घेऊ. सेंटओएस ७ मधला 'यम' हा स्वतःच पायथन २.७ मध्ये लिहिलेला प्रोग्राम आहे. त्याच्या फाइलची पहिली ओळ यूएसआर-बिनमधल्या पायथनकडे बोट दाखवते. ती लिंक ३.११ कडे वळवली की यम चालवल्याबरोबर 'सिंटॅक्स एरर' येतो, कारण 'एक्सेप्ट' नंतर स्वल्पविराम देऊन नाव लिहायची त्याची पद्धत पायथन २ मध्ये चालायची, ३ मध्ये चालत नाही. आणि यम एकटा नाही. फायरवॉलडी, ट्यून्ड, एसई-लिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं सीमॅनेज ही सगळी यंत्रणेची हत्यारं पायथनवरच चालतात. म्हणजे तो पायथन तुमच्या ॲपसाठी ठेवलेला नाही. ऑपरेटिंग सिस्टिमनं तो स्वतःच्या कामासाठी आणलाय आणि नेमकी तीच आवृत्ती गृहीत धरून बाकीची चाकं बसवलीत. आपल्याकडे चालू मागावरचा ताणा कापून कोणी त्यावर दुसऱ्या डिझाइनचा बीम चढवत नाही, त्यासाठी शेजारचा माग लावतात. इथंही तेच करायचं आहे.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. २०१४ च्या सुरुवातीला सोलापुरातल्याच एका सूत व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर मी हे स्वतः केलं होतं. तेव्हा सेंटओएस ६ होता आणि त्यात पायथन २.६. मला २.७ हवा होता. मी तो कंपाइल केला आणि यूएसआर-बिनमधला पायथन बदलून टाकला. माझी स्क्रिप्ट छान चालली, व्यापारी खूश झाले, मी घरी गेले. पुढचे सात-आठ महिने कोणालाही काही जाणवलं नाही. मग सप्टेंबर २०१४ मध्ये बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधली 'शेलशॉक' ही त्रुटी जाहीर झाली. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक सर्व्हरवर बॅश तातडीनं अपडेट करणं भाग होतं. मी रात्री 'यम अपडेट' दिलं आणि उत्तर आलं, 'यम नावाचं मॉड्यूल सापडत नाही'. दुरुस्तीचं पॅकेज तयार होतं, पण ते सर्व्हरवर आणायची वाटच मी बंद करून बसले होते. सात-आठ महिन्यांपूर्वी आपण काय केलं ते आठवायला मला दोन तास लागले, आणि तेवढा वेळ तो सर्व्हर उघडा होता. लिंक वळवल्याचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. अपडेटची खरी गरज पडते त्या दिवशी ते समोर येतं, आणि तोवर कारण विसरलेलं असतं.

तेव्हा पुढे जाण्याआधी तुमच्याकडे काय झालंय ते तपासा. तुम्ही 'मेक इन्स्टॉल' केलंत. जागा वेगळी सांगितली नाही तर ते यूएसआर-लोकल खाली बसतं आणि तिथं ३.११ बरोबर 'पायथन३' आणि 'पिप३' या नावांच्या लिंकाही तयार करतं. लॉगिन केलेल्या माणसाच्या पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) यूएसआर-लोकल-बिन हे यूएसआर-बिनच्या आधी येतं. त्यामुळे तुम्ही टर्मिनलवर 'पायथन३' म्हणालात की ३.११ उठतो. तेच नाव सुडोमधून (ॲडमिनच्या अधिकारानं) घेतलं की ३.६ उठतो, कारण सेंटओएसमध्ये सुडोच्या सुरक्षित पाथमध्ये यूएसआर-लोकल-बिन नसतं. क्रॉनचा (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्याचा) पाथही असाच तोकडा असतो. एकाच नावाचे दोन पायथन, आणि कोण बोलावतंय त्यावर कोण येणार हे ठरतं. 'हातानं चालतंय पण क्रॉनमधून चालत नाही' अशी जी तक्रार आपण नेहमी ऐकतो, तिच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं.

दुरुस्ती सोपी आहे. यूएसआर-लोकल-बिन मध्ये जाऊन 'पायथन३', 'पिप३' आणि आवृत्तीचा पूर्ण आकडा नसलेल्या त्यांच्यासारख्या बाकीच्या लिंका काढा. 'पायथन३.११' हे आकड्यासकट नाव राहू द्या, त्याचा कोणाला त्रास नाही. पायथनच्या मेकफाइलमध्ये 'अनइन्स्टॉल' अशी सोय नसते, म्हणून हे हातानंच करावं लागतं. यूएसआर-बिनमधल्या लिंकला हात लागलाच असेल, तर 'पायथन' हे 'पायथन२' कडे आणि 'पायथन२' हे 'पायथन२.७' कडे परत वळवा. त्यानंतर यमला नुसती आवृत्ती विचारून बघा, उत्तर आलं म्हणजे जागेवर आलं. यम बंद असला तरी आरपीएम (यमच्या खालचं, पॅकेज हाताळणारं हत्यार) चालतो, कारण तो पायथनमध्ये लिहिलेला नाही. त्यामुळे पॅकेज तपासायची वाट शिल्लक असते, घाबरू नका.

आता एसएसएल. पायथन ३.१० पासून या मॉड्यूलला ओपनएसएसएल ही लायब्ररी १.१.१ किंवा त्यापुढचं लागतं. सेंटओएस ७ मध्ये आहे १.०.२. कॉन्फिगरला ते जुनं दिसलं की तो थांबत नाही. एसएसएल मॉड्यूल वगळून पुढे जातो आणि 'मेक' च्या शेवटी 'ही मॉड्यूल्स बनली नाहीत' अशी चार ओळींची यादी देऊन संपतो. शेकडो ओळी पळून गेल्यावर आलेली ती यादी कोणी वाचत नाही. मी शिकाऊ मुलांना सांगते की कंपाइल झाल्यावर फक्त त्या शेवटच्या ओळी वाचा, बाकी नाही वाचलंत तरी चालेल. एफएफआय, बीझिप२, एक्सझेड, एसक्यूलाइट, रीडलाइन यांची 'डेव्हेल' (कंपाइल करायला लागणारी) पॅकेजेस नसतील तर त्यांचीही नावं तिथंच दिसतात. सीटाइप्स नाही म्हणून महिन्याभरानं एखादी लायब्ररी कोसळते, तिचं मूळ त्या यादीत असतं.

समजा तुम्ही ओपनएसएसएल नवं आणलंत. तरीही थांबा, कारण मघाच्या दुसऱ्या प्रश्नाचा मोठा भाग अजून पुढेच आहे. जँगो ५.२ ला डेटाबेसही नवे लागतात. एसक्यूलाइट ३.३१ किंवा पुढचं लागतं, सेंटओएस ७ मध्ये ३.७.१७ आहे. पोस्टग्रेस १४ किंवा पुढचं लागतं, सेंटओएस ७ मध्ये ९.२ आहे. मारियाडीबी १०.५ किंवा पुढचं लागतं, तिथं ५.५ आहे. मग पिपची व्हील, म्हणजे आधीच बांधलेली, पॅकेजेस बघा. सेंटओएस ७ चं जीलिबसी (सगळ्या प्रोग्रामांच्या खालची सी लायब्ररी) २.१७ आहे. आताच्या अनेक लायब्ररींची तयार व्हील २.२८ वर बनतात, म्हणजे रेड हॅट ८ (सेंटओएस ज्या लिनक्सवरून बनतो त्याची आठवी आवृत्ती) च्या पायावर. तुमच्या सर्व्हरवर पिपला ती चालणार नाहीत, म्हणून तो सोर्स उतरवून कंपाइल करायला जाईल, आणि तुमचा कंपायलर, जीसीसी, आहे ४.८.५. उद्या मालकांनी एक्सेल रिपोर्ट मागितला आणि तुम्ही पांडाज (आकडेवारीची लायब्ररी) बसवायला गेलात की एररची पानंच्या पानं येतील. तेव्हा तुम्ही पांडाजला दोष द्याल, दोष पायाचा असेल.

म्हणून भाषेची आवृत्ती ही एकटी वस्तू मानू नका. तिच्या खाली एसएसएल आहे, सी लायब्ररी आहे, कंपायलर आहे, शेजारी डेटाबेस आहे. २०१४ च्या पायावर २०२५ ची जँगो बसवायची म्हणजे यातला प्रत्येक दगड हातानं बदलायचा. ते करता येतं, पण एकदा केलं की त्या प्रत्येक दगडाची राखण तुमच्याकडे लागते. आणि खुद्द सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपलेली आहे. यम तुम्हाला काही देत नाही तेही म्हणूनच. पॅकेजेस देणाऱ्या सर्व्हरांच्या (आरशांच्या) यादीचा जुना पत्ताच आता उघडत नाही. पॅकेजेस 'व्हॉल्ट' या जुन्या संग्रहात ठेवलीत, पण ती जशी होती तशी, नव्या दुरुस्त्या त्यात येत नाहीत.

इथून पुढचं उत्तर तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. ॲपसाठी वेगळी मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन मिळू शकते का? जुनं बिलिंग या सर्व्हरला किती चिकटलंय? आणि वर्षभरानं तुम्ही नोकरी बदललीत तर हा सर्व्हर कोण बघणार? तिसरा प्रश्न लहान कारखान्यात कोणी विचारत नाही, पण माझे बरेचसे निर्णय त्याच्यावरच ठरतात. ज्या यंत्रणेला 'डीएनएफ अपडेट' (डीएनएफ म्हणजे यमचा नवा अवतार) एवढं एकच काम नेमानं पुरतं ती पुढचा माणूस सांभाळू शकतो. कुठून काय कंपाइल केलंय हे एकाच्याच डोक्यात आहे, ती त्याच्याबरोबर जाते.

वेगळी मशीन मिळत असेल तर तीच घ्या. जुन्या सर्व्हरला बिलिंग सांभाळू द्या, त्याचं इंटरनेट तोडा, फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरता ठेवा. नव्या ॲपसाठी फार मोठा सर्व्हर लागतो असं नाही. पंधरा-वीस माणसांच्या नोंदींसाठी ८ जीबी रॅमचा साधा डेस्कटॉप, एक चांगली एसएसडी आणि यूपीएस पुरतो. यूपीएसवर काटकसर नको. एमआयडीसीत वीज कशी जाते-येते ते तुम्हाला माहीत आहे, आणि डेटाबेसला मध्येच गेलेली वीज सोसत नाही. त्यावर मी सेंटओएसची जागा घेणारं अल्मालिनक्स ९ टाकेन. रॉकी ९ ही तितकंच चांगलं आहे, दोघांचा पाया एकच आणि दोघांना २०३२ च्या मे महिन्यापर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. व्हर्च्युअल मशीन करत असाल तर एक खाचखळगा आधीच सांगते. ९ ला थोड्या नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. खरा प्रोसेसर चांगला असला तरी व्हर्च्युअल मशीनचा सीपीयू प्रकार जुना निवडलेला असेल तर ती उठतच नाही आणि 'हा सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ ला आधार देत नाही' असं म्हणते. प्रकार 'होस्ट' केला की चालू होते.

अल्मा ९ चा स्वतःचा पायथन ३.९ आहे, आणि डीएनएफ त्याच्यावर चालतो. इथं अनेकांना वाटतं की ३.९ ची मूळ मुदत ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणजे हा धोकादायक झाला. तसं नाही. रेड हॅट त्यात दुरुस्त्या मागे आणून भरत असतं आणि त्या अल्मापर्यंत येतात. त्याला तसंच राहू द्या. तुम्ही फक्त 'डीएनएफ इन्स्टॉल पायथन३.१२' म्हणा, सोबत 'पायथन३.१२-डेव्हेल' आणि 'जीसीसी' घ्या. नवा पायथन जुन्याच्या शेजारी येऊन बसतो, 'पायथन३' हे नाव ३.९ कडेच राहतं, तुमचा 'पायथन३.१२' या नावानं हाक मारली की येतो. काही कंपाइल करायचं नाही, आणि दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटमधून येतात. एवढं लक्षात ठेवा की ३.१२ सारख्या शेजारी बसवलेल्या आवृत्त्यांची मुदत ओएसच्या मुदतीपेक्षा कमी असते. ती संपण्याआधी पुढच्या आवृत्तीवर जावं लागेल, आणि तेही असंच शेजारी बसवून.

मग ॲपसाठी वेगळा युजर करा. ॲप 'ऑप्ट' खाली ठेवा, होम फोल्डरमध्ये नको. 'पायथन३.१२ डॅश-एम व्हीएन्व्ह' म्हणून त्याचं स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा आणि जँगो, गुनिकॉर्न (ॲप चालवणारा सर्व्हर), सायकोपीजी (पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) सगळं त्याच्या आतल्या पिपनं बसवा. 'सुडो पिप इन्स्टॉल' हे तीन शब्द एकत्र कधीच टाइप करू नका, त्यानं तुमच्या लायब्ररी यंत्रणेच्या पायथनमध्ये जाऊन पडतात. पोस्टग्रेस डीएनएफच्या मॉड्यूलमधून १६ घ्या. अल्मा ९ चं आपोआप येणारं पोस्टग्रेस १३ आहे आणि ते जँगो ५.२ ला पुरत नाही.

ॲप आपोआप सुरू व्हावं म्हणून सिस्टमडीची (सेवा सुरू ठेवणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस लिहाल, तेव्हा 'एक्झेकस्टार्ट' मध्ये व्हीएन्व्हच्या आतल्या गुनिकॉर्नचा पूर्ण पत्ता द्या. 'ॲक्टिव्हेट' ची गरज नाही. ॲक्टिव्हेट ही माणसाच्या सोयीची गोष्ट आहे, ती पाथ बदलते एवढंच. पूर्ण पत्त्यानं हाक मारली की तो पायथन आपल्या लायब्ररी आपणच शोधतो. क्रॉनमध्येही तसंच करा. या एका सवयीनं मघाची 'हातानं चालतंय' वाली तक्रार बंद होते.

होम नको म्हटलं त्याचं कारण एसई-लिनक्स आहे. होममधल्या फाइलींना जे लेबल असतं, ते बघून तो सिस्टमडीला तिथला प्रोग्राम चालवू देत नाही. सर्व्हिस '२०३' हा आकडा दाखवून पडते, आणि परवानग्या कितीही मोकळ्या केल्या तरी उठत नाही. होममध्ये बनवून नंतर 'मूव्ह' केलंत तरी जुनं लेबल सोबत येतं, तेव्हा 'रिस्टोअरकॉन' चालवून ते नीट करावं लागतं. व्हीएन्व्ह मुळात हलवूच नये, त्याच्या आत जुने पत्ते लिहिलेले असतात. नव्या जागी नवं बनवा, दोन मिनिटांचं काम आहे. समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून '५०२' आला आणि गुनिकॉर्न तर चालू दिसतोय असं झालं, तर 'सेटएसईबूल' नं 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट' चालू करा, कायमसाठीच्या मोठ्या 'पी' सह. वैतागून एसई-लिनक्सच बंद करणारे मी खूप पाहिलेत. माझी कळकळीची विनंती आहे की तसं करू नका. मालकांचे हिशेब आहेत त्या मशीनवर.

अजून एक बारीक गोष्ट. डीएनएफनं पायथन ३.१२ ची दुरुस्ती आणली तरी चालू असलेली सर्व्हिस जुनीच प्रत मेमरीत धरून असते. अपडेटनंतर सर्व्हिस रीस्टार्ट करा.

आता दुसरी शक्यता. मालक म्हणाले, 'नवीन मशीन दिवाळीनंतर बघू', आणि ॲप तर याच महिन्यात हवंय. तर सेंटओएस ७ वर राहूनही मी सोर्स कंपाइल करणार नाही. 'यूव्ही' नावाचं हत्यार घेईन. ते पायथनची आधीच बांधलेली, सुटसुटीत प्रत उतरवून देतं. ती प्रत जीलिबसी २.१७ वर चालेल अशीच बनवलेली असते, म्हणजे तुमच्या सेंटओएस ७ वर उठते. ओपनएसएसएल आणि एसक्यूलाइट तिच्या पोटातच असतात, त्यामुळे पिपची तक्रार जाते आणि जँगोची एसक्यूलाइटची अटही भागते. ती आपल्या फोल्डरमध्ये बसते, यूएसआर-बिनला शिवत नाही. नको झाली की फोल्डर पुसायचा. पण पोटातल्या ओपनएसएसएलला दुरुस्ती यमकडून येत नाही. महिन्यातून एकदा नवी प्रत घेऊन व्हीएन्व्ह पुन्हा बनवायचं काम तुमचं. जीलिबसीमुळे काही व्हील अडतीलच, ती अडचण यानं सुटत नाही. आणि ॲप इंटरनेटवर उघडू नका, फक्त कारखान्याच्या आत वापरा. डेटाबेसची गरज मोठी असेल तर जँगो ४.२ वर थांबूनही चालणार नाही, कारण सेंटओएस ७ चं पोस्टग्रेस ९.२ त्यालाही जुनंच पडतं.

डॉकरचं (ॲप त्याच्या लायब्ररींसकट वेगळ्या डब्यात चालवायच्या सोयीचं) काय, असं कोणीतरी विचारेलच. नव्या सर्व्हरवर डॉकर उत्तम. सेंटओएस ७ वर मात्र कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१० चा आहे. त्यावर जुनं डॉकर असेल तर नव्या इमेजमधला पायथन 'नवा थ्रेड सुरू करता येत नाही' असं म्हणून पडतो, कारण नव्या जीलिबसीची एक सिस्टिम कॉल जुनं डॉकर अडवतं. ते सोडवता येतं, पण तुम्ही आधीच एका गुंत्यात आहात, दुसरा कशाला.

आणि कंपाइल करणं अगदीच भाग पडलं, इंटरनेट मशीनपर्यंत न्यायचंच नाही अशी अट असली, तर चार गोष्टी पाळा. जागा स्वतंत्र द्या, 'प्रीफिक्स' ऑप्टमधला. 'मेक इन्स्टॉल' ऐवजी 'मेक ऑल्टइन्स्टॉल' करा, म्हणजे आकडा नसलेल्या लिंका बनतच नाहीत. ओपनएसएसएल आधी स्वतंत्र फोल्डरमध्ये बांधा आणि पायथनला 'विथ-ओपनएसएसएल' मधून तो पत्ता द्या, सोबत 'विथ-ओपनएसएसएल-आरपाथ' ला 'ऑटो'. ओपनएसएसएल ३ आपल्या फाइली 'लिब६४' मध्ये टाकतं आणि पायथन 'लिब' मध्ये शोधतो, म्हणून बांधताना 'लिबडिर' ला 'लिब' सांगा. इथं मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे. 'एनेबल-ऑप्टिमायझेशन्स' जुन्या जीसीसीवर देऊ नका, शेवटच्या टप्प्यावर 'रनपाय मॉड्यूल इम्पोर्ट होत नाही' म्हणून पडतं आणि चूक तुमची असल्यासारखं वाटतं. लायब्ररी न्यायच्या असतील तर इंटरनेट असलेल्या दुसऱ्या लिनक्स मशीनवर 'पिप डाउनलोड' करून पेन ड्राइव्हनं न्या, फक्त तिथं पायथन तोच आकड्याचा आणि ओएस त्याच पिढीची हवी.

तुमच्या प्रश्नाखाली दोघांनी उबुंटू या दुसऱ्या लिनक्सबद्दल विचारलंय. तिथंही तत्त्व तेच. २०.०४ चा पायथन ३.८, २२.०४ चा ३.१०, २४.०४ चा ३.१२. जँगो ५.२ साठी २४.०४ वर वेगळा पायथन आणायची गरजच नाही, व्हीएन्व्ह बनवा आणि कामाला लागा. 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' नं 'पायथन३' हे नाव दुसरीकडे वळवलं की 'एपीटी-पीकेजी मॉड्यूल नाही' हा एरर येतो, तो आमच्या यमच्या दुखण्याचाच भाऊ आहे. आणि २४.०४ वर पिप 'हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं' म्हणून नकार देतो, तेव्हा 'ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' देऊन त्याचं तोंड बंद करू नका. तो नकार तुमच्या भल्यासाठी आहे.

रेड हॅटलाही हे दुखणं कळलं होतं, एवढं जाता जाता सांगते. ८ मध्ये त्यांनी यंत्रणेचा पायथन ३.६ 'प्लॅटफॉर्म-पायथन' नावानं लिबएक्झेक फोल्डरमध्ये आत नेऊन ठेवला आणि नुसतं 'पायथन' हे नाव रिकामंच सोडलं. त्यामुळे ८ वाल्यांची सुटका जरा सोपी आहे, 'डीएनएफ इन्स्टॉल पायथन३.१२' तिथंही चालतं.

मालकांशी बोलताना पायथनचं नाव काढू नका असं मी सुचवेन. ज्या सर्व्हरवर बिलं आहेत त्याच्या दुरुस्त्या जून २०२४ पासून बंद आहेत, हे सांगा. एका डेस्कटॉपचा, एसएसडीचा आणि यूपीएसचा खर्च कागदावर मांडा, आणि त्यासमोर एक दिवस बिलिंग बंद राहिलं तर किती गाड्या थांबतील ते त्यांनाच मोजू द्या. व्यापार करणाऱ्या माणसाला हे चटकन कळतं. सर्व्हर बदलायचे दिवस मी गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत धरते, तेव्हा ऑफिस शांत असतं आणि काही चुकलंच तर परत फिरायला वेळ मिळतो.

आज रात्री लिंका साफ केल्यावर मला तीन गोष्टी कळवा. यूएसआर-बिनमधला पायथन कुठं बोट दाखवतोय, यम आवृत्ती सांगतोय का, आणि जुनं बिलिंग कुठल्या डेटाबेसवर आहे. तिसऱ्याच्या उत्तरावरून तो सर्व्हर किती दिवस ठेवायचा ते ठरेल.